वाकड्यात शिरलेला चाकू

सरळ पात्याचा खिशातला चाकू विकत घेतला तर घरात कुणी कारण विचारत नाही. फळं कापायला आणला असेल असं धरून त्याची रवानगी स्वयंपाकघरात होते आणि आठवड्याभरात त्याला लसणाचा वास लागतो. वाकड्या पात्याचा घेतला की मात्र चौकशी बसते. "अहो, यानं नक्की काय कापायचं?" हा प्रश्न आमच्याकडे ज्या सुरात विचारला गेला, तो सूर त्याआधी मी व्यायामाची सायकल घरात आली तेव्हाच ऐकला होता. त्या सायकलीवर आता टॉवेल उत्तम वाळतात.

प्रश्न रास्त होता आणि उत्तरही माझ्याकडे होतं. पण ते द्यायला रोमन साम्राज्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. म्हणून ते इथे देतो.

आधी पंथाची ओळख. खिशात रोज चाकू बाळगणाऱ्या हौशी लोकांचा जगभर एक पंथ आहे. ते स्वतःला 'एव्हरीडे कॅरी'वाले म्हणवतात. घड्याळ, पेन, बॅटरी, किल्ल्या, पाकीट आणि चाकू या वस्तू लाकडी टेबलावर ओळीनं मांडून वरून फोटो काढणं हे त्यांचं नित्यकर्म. फोटोतल्या बॅटरीच्या उजेडात विहिरीचा तळ दिसेल. मालकाच्या घरी मात्र विहीर नसते, इन्व्हर्टर असतो. पेन विमानाच्या धातूचं असतं आणि त्यानं कुरिअरवाल्याच्या फोनवर सही करता येत नाही. चाकूनं खोकी उघडली जातात. खोक्यात बहुतेक वेळा पुढचा चाकू असतो.

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही, नवे आहेत ते फोटो. चंचीत अडकित्ता आणि चुन्याची डबी घेतल्याशिवाय ओटा न उतरणारे आजोबा गावोगावी होते. कोकणात माडावर चढणारा गडी कमरेच्या आकडीत कोयती अडकवूनच घराबाहेर पडतो. फरक इतकाच, की आजोबांना सुपारी कातरायची असायची आणि गड्याला नारळ पाडायचा असतो. पंथीयांकडे हत्यार आधी येतं, काम मागाहून शोधावं लागतं.

या पंथात सरळवाले आणि वाकडेवाले असे दोन तट आहेत. माझा भाचा, ताईचा धाकटा, कट्टर वाकडेवाला. नोकरी हिंजवडीत, राहायला वाकडला आणि खिशात वाकडा चाकू. पत्त्याशी इतका प्रामाणिक माणूस पुण्यात विरळा.

वाकडेपणातही पुन्हा जाती आहेत. धार बाहेरच्या अंगानं फुगलेली असेल तर ते तलवारीचं घराणं. धार आतल्या अंगानं वळलेली असेल तर ते विळ्याचं. आपला विषय दुसऱ्या घराण्याचा. या पात्याला चाकूवाले 'हॉकबिल' म्हणतात, ससाण्याच्या चोचीवरून. टोक खाली झुकलेलं आणि धार पोटात लपलेली. बघितल्यावर पहिला विचार येतो तो असा, की घडवताना हे कुणाच्या तरी हातून पडलं असावं.

पडलेलं नाही. सरळ पात्यानं जाड दोर कापायला घ्या. ओढता ओढता दोर टोकाकडे सरकत जातो आणि शेवटी निसटतो. मग माणूस दोराकडे बघतो आणि दोर माणसाकडे. आत वळलेल्या पात्यात उलटं घडतं. जितकं ओढाल तितका दोर बाकात जाऊन बसतो, त्याला पळायला वाट राहत नाही. सगळा जोर धारेच्या एका लहानशा भागावर येतो आणि काप एका ओढीत होतो. गवत, काथ्या, मासेमारीचं जाळं, गालिचा, केबलचं आवरण, वेलीची काडी, अशा ओढून कापायच्या वस्तूंना हे पातं म्हणजे साक्षात काळ.

आणि ढकलून, दाबून, टेकवून कापायच्या वस्तूंपुढे साक्षात अजागळ. पाटावर कांदा ठेवून कापायला जा; पाटाला पात्याचं फक्त टोक टेकतं आणि बाकीचं पातं कांद्यावर कमान धरून उभं राहतं. ब्रेडला लोणी लावायला गेलात तर ब्रेड नांगरला जातो. केकचं तर नावच काढू नका. वाढदिवसाला जमलेली मुलं रडतात.

तर रोमन साम्राज्य. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेल्ला नावाच्या गृहस्थानं शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात द्राक्षवेल छाटायच्या चाकूचं अंग न् अंग सांगितलं. मुठीलगतचा सरळ भाग म्हणजे सुरी, त्यापुढे आत वळलेला बाक, मग तासायची धार, मग पुढे आलेली चोच, पाठीवर अर्धचंद्रासारखी कुऱ्हाड आणि अखेरीस टोक. सहा अवयव आणि प्रत्येकाला नेमून दिलेलं काम. हात पुढे ढकलायचा तेव्हा सुरी, मागे ओढायचा तेव्हा बाक, गुळगुळीत करायला तासणी, कोरायला चोच, घाव घालायला कुऱ्हाड आणि अडचणीच्या जागी टोक. आज स्विस चाकू हातात घेऊन लोक 'काय काय बसवलंय बघा' म्हणतात, तो प्रकार दोन हजार वर्षांपूर्वी एकाच लोखंडाच्या तुकड्यात बसला होता. बाटली उघडायची सोय तेवढी नव्हती. सगळा उद्योग द्राक्षांचा असून नव्हती, हे नवल.

पुढे पाठीवरची कुऱ्हाड गळली, पातं लहान झालं, दांड्यात मिटायला लागलं आणि फ्रान्समधल्या माळ्यांच्या खिशात 'सर्पेत' म्हणून स्थिरावलं. त्याचं बरं चाललेलं असताना १८१५च्या आसपास छाटणीची कात्री अवतरली. तिचं श्रेय बेर्त्रां द मोलव्हिल या सरदाराला देतात. हा सोळाव्या लुईचा नौदलमंत्री. क्रांतीत याच्यावर आरोप ठेवले गेले, तसा हा इंग्लंडला पळाला. ज्याची मान गिलोटिनखाली जाता जाता वाचली, त्यानं उतारवयात दोन पात्यांमध्ये फांदी धरून कचकन तोडायचं यंत्र काढावं, याचा अर्थ मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी लावावा. वेलीवाल्यांनी आधी नाकं मुरडली आणि नंतर कात्र्या घेतल्या. सर्पेत तेव्हापासून निवृत्त आहे. निवृत्त माणसाला हौशी लोक पकडतात तसं तिला पंथानं पकडलं.

माझ्याकडची सर्पेत ओपिनेलची आहे. आल्प्सच्या सावुआ भागात १८९० साली जोझेफ ओपिनेल या लोहाराच्या पोरानं हा चाकू काढला. लवकरच त्यानं १ ते १२ अशा क्रमांकांची मालिका केली. त्यातले १ आणि ११ पुढे बंद पडले, त्यामुळे मालिका २ पासून सुरू होते आणि १० नंतर एकदम १२ येतो. संग्राहक मंडळींचा जीव त्या दोन रिकाम्या जागांत अडकलेला असतो. बीच नावाच्या झाडाचा गोल दांडा, त्यात चीर, चिरेत पातं आणि मानेभोवती पोलादी कडं. कडं फिरवलं की पातं जागच्या जागी अडकतं. हे कडं १९५५ साली आलं. आधीची पासष्ट वर्षं लोक आपापल्या बोटांच्या जबाबदारीवर चाकू वापरत होते.

लाकूड ओलाव्यानं फुगतं, चीर आवळते आणि पातं आत रुसून बसतं. आल्प्समधल्यांनी याला उपाय म्हणून दुसरा चाकू घेतला नाही. ते दांड्याचं बूड टेबलावर ठक्कन आपटतात. पातं नखभर बाहेर डोकावतं, तिथे धरून उघडायचं. या ठोक्याला त्यांच्याकडे चक्क नाव आहे, 'सावुआकराचा ठोका'. हे वाचल्यावर मला त्या लोकांबद्दल एकदम आपलेपणा वाटला. चित्र न दिसणाऱ्या टीव्हीला थाप मारण्याची संस्कृती ज्या मातीत रुजली, ती आणि ही माती एकच असणार. जूनमध्ये चिपळूणला हा चाकू नेला तर ऑक्टोबरपर्यंत टेबलच आपटावं लागेल, तो भाग वेगळा.

सर्पेतीला तिचं मूळ काम द्यावं म्हणून मी ती तासगावला नेली. बायकोच्या भावाची तिथे द्राक्षबाग आहे. मेहुण्यानं चाकू हातात घेतला, धार अंगठ्याच्या नखावर लावून पाहिली, कडं दोनदा फिरवलं आणि म्हणाला, "दाजी, हत्यार देखणं हाय. पण ह्यानं करायचं काय?" मी म्हटलं, छाटणी. तो हसला नाही. पाहुण्याला हसू नये एवढं वळण त्या घरात आहे. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची फळछाटणी, टोळी येते ती कात्र्या घेऊन, आणि कात्री दिवसभर कचाकच चालते. चाकूनं एकेक काडी ओढत बसलं तर ऑक्टोबरची छाटणी संक्रांतीला संपेल.

मग कलमं तरी? हा प्रश्न विचारून मी माझं अज्ञान पुरतं उघडं केलं असावं, कारण त्यानं मला बांधावर बसवलं आणि शिकवणी घेतली. रानटी खुंट लावायचा, इकडे बहुतेक डॉगरिजचा. मग त्यावर हव्या त्या जातीची काडी पाचर कलमानं बसवायची. काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि ती खुंटाच्या चिरेत बसवायची. दोन्हींच्या सालीखालचा जिवंत थर एकमेकाला चिकटला तर कलम धरतं. मध्ये केसाएवढी फट राहिली तर काडी वाळते. म्हणून काप आरशासारखा सपाट हवा. सपाट कापाला पातं सरळ लागतं आणि धारही एकाच अंगाला लावलेली असते. "वाकड्या पात्यानं सरळ काप कसा यायचा, दाजी?" असं म्हणून त्यानं चाकू मिटला. युरोपातले माळीसुद्धा कलमाला सरळ आणि छाटणीला वाकडं अशी दोन वेगळी हत्यारं ठेवतात. ते मी कुठेतरी वाचलं होतं, पण बांधावर बसल्यावर वाचलेलं आठवत नाही.

परत निघताना मात्र एक गोष्ट दिसली. गेल्या हंगामात वेलीचे ओलांडे तारेला बांधले होते त्या जुन्या सुतळ्या तशाच होत्या, काही सालीत रुतलेल्या. मेहुण्यानं बोलता बोलता माझा चाकू उघडला, चोच सुतळीखाली सारली आणि मनगट मागे घेतलं. सुतळी पडली आणि सालीला ओरखडा नाही. पुढची सुतळी, मग त्याच्या पुढची. चोचीची बाहेरची बाजू बोथट असते, ती सालीवरून घसरते आणि धार फक्त सुतळीला भेटते. अर्धी ओळ संपेपर्यंत तो द्राक्षाच्या दराबद्दल बोलत होता आणि हात आपापलं काम करत होता. ओळीच्या शेवटी त्यानं चाकू मिटला, कडं फिरवलं आणि स्वतःच्या खिशात टाकला. तो परत मागताना मला जो संकोच झाला, तो हुंडा मागणाऱ्यालाही होत नसेल.

अमेरिकेत या पात्याचं नशीब वेगळं निघालं. कोलोरॅडोतल्या गोल्डन गावच्या स्पायडर्को कंपनीनं १९८१ साली पात्याला गोल भोक पाडलं आणि दांड्याला क्लिप लावली. भोकामुळे चाकू एका हाताच्या अंगठ्यानं उघडायला लागला आणि क्लिपमुळे खिशाच्या तळाशी सुट्ट्या पैशांत न लोळता काठावर उभा राहिला. आजचा सगळा पंथ त्या भोकातून आणि त्या क्लिपवरून आलेला आहे. त्यांच्या वाकड्या चाकूंपैकी 'हार्पी' हा जुना गडी. दातेरी धार घेतली तर उघडा चाकू हसणाऱ्या मगरीसारखा दिसतो. 'ताझ्मान सॉल्ट' हा दर्यावर्दी. त्यासाठी वापरलेल्या एच-१ पोलादात कार्बनची जागा बरीचशी नायट्रोजननं घेतलेली असते, त्यामुळे खाऱ्या पाण्यात ते गंजत नाही. बोटीवर हलत्या दोराला, अडकलेल्या जाळ्याला हा चाकू आदर्श. पंथातले त्याचे बहुसंख्य मालक समुद्रापासून सुरक्षित अंतरावर राहतात आणि तो खरंच गंजत नाही ना हे पाहायला मिठाच्या पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवतात.

दातेरी वाकड्या पात्याचं अमेरिकेत एवढं कौतुक वाचलं की मला आपला वैभव विळा आठवतो. तोही आत वळलेला, दातेरी आणि वजनाला हलका. धान्याची ताटं त्याच्या दातांत अडकतात आणि एका ओढीत कापली जातात. त्याला क्लिप नाही आणि त्याचा कुणी वरून फोटो काढत नाही, पण दिवसभरात तो जेवढं कापतो तेवढं अख्ख्या पंथानं मिळून वर्षात कापलं नसेल.

स्पायडर्कोचाच 'सिव्हिलियन' हा माझा सर्वांत लाडका, तो मी घेणार नसलो तरी. वेषांतर करून फिरणाऱ्या पोलिसांना जीव वाचवायचं शेवटचं साधन म्हणून तो काढला. पातं उलट्या एस अक्षरासारखं वळलेलं आणि टोक सुईसारखं बारीक. इतकं बारीक, की हा चाकू नेहमीच्या कामाला वापरू नका असं कंपनीच सांगते. आता बघा, रोज बाळगायचा पण रोज वापरायचा नाही. आमच्या शोकेसमध्ये लग्नात आलेला बोन चायनाचा कपबश्यांचा सेट आहे, त्यात आजवर कुणी चहा प्यायलेलं नाही. सिव्हिलियन हा त्या सेटचा खिशात मावणारा भाऊ. पंथीय तो घेतात, तेल लावतात, उघडतात, मिटतात. आणि कुरिअर आलं की स्वयंपाकघरातून कात्री आणतात.

वायरमन लोकांसाठीही आकड्यासारख्या पात्याचा घडीचा चाकू असतो. जाड केबलचं वरचं आवरण उभं चिरायचं, आतल्या तारांना धक्का लागू द्यायचा नाही, हे काम तो झकास करतो. आमच्या सोसायटीचा वायरमन हे काम दातांनी करतो. त्याला मी चाकूबद्दल सांगितलं तेव्हा त्यानं वायरचा तुकडा तोंडातून काढून "बरं" म्हटलं आणि पुढची वायर तोंडात घातली. रोज बाळगायचं हत्यार म्हणून दातांना खरंच तोड नाही. क्लिप लागत नाही, विमानात चालतात.

आता भाच्याचं हत्यार. त्याच्याकडे आहे ते करंबित. हे मूळचं सुमात्रा बेटावरच्या मिनांगकाबाऊ लोकांचं. वाघाच्या नखासारखं आखूड, वाकडं पातं आणि मुठीच्या शेवटी बोट घालायला कडी. शेतातल्या कापाकापीतून ते सिलाट या युद्धकलेत गेलं, तिथून अमेरिकेत गेलं आणि तिथल्या अर्नेस्ट इमर्सननी त्याची घडीची आवृत्ती आणली. तिच्या पात्याच्या पाठीवर एक आकडा असतो. चाकू खिशातून उपसला की आकडा खिशाच्या काठाला अडकतो आणि पातं आपोआप उघडतं. यात चोर दचकतो की नाही कल्पना नाही. शिंपी मात्र खूश होतो.

पण भाच्याला करंबित सुमात्रानं दिलं नाही आणि इमर्सननंही नाही. ते दिलं काउंटर-स्ट्राइक या व्हिडिओ गेमनं. २०१३ साली त्या खेळात रंगीबेरंगी चाकू आले, त्यात करंबित होतं. खेळाडू बोटावर ते गरगर फिरवतो. त्या फिरवण्यानं जगातल्या एका पिढीच्या तर्जनीला कायमची खाज सुटली. खेळातल्या नुसत्या चित्रासाठी लोक खऱ्या चाकूच्या कैक पट पैसे मोजतात. त्या मानानं खरा घेऊन भाच्यानं काटकसरच केली, असं तो त्याच्या आईला समजावतो. ताई अजून समजलेली नाही.

मे महिन्यात देवगडहून हापूसची पेटी आली त्या दिवशी भाचा आमच्याकडे होता. पेटीला सुतळीचे आडवेउभे फेरे होते. त्यानं कडीत तर्जनी घातली, करंबित एकदा फिरवलं (मामी दोन पावलं मागे सरली) आणि सुतळीला लावलं. चार फेरे चार झटक्यांत. ते बघणं खरोखर सुखाचं होतं. दोर पात्याच्या पोटात शिरायचा आणि आवाजही न करता दोन व्हायचा. पेंढा निघाला, आंबे निघाले, घरभर वास सुटला. इथे थांबला असता तर इतिहासात त्याचं नाव चांगलं राहिलं असतं. पण तो म्हणाला, "मामा, आंबाही यानंच."

आंब्याची फाक काढायची म्हणजे पातं कोयीच्या अंगाअंगानं सपाट न्यायचं. करंबितचं टोक आत गेलं, कोयीला थडकलं आणि कोयीभोवती वळायच्या ऐवजी तिच्यात रुतलं. त्यानं ओढलं तर आंबा सोबत आला. त्यानं आंबा धरून चाकू ओढला, तर अर्धी साल चाकूबरोबर आली आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला. बोट कडीत असल्यानं चाकू खाली ठेवता येईना, आंबा चाकूत असल्यानं हात धुता येईना. शेवटी मामीनं त्याला तसाच बेसिनपाशी नेला, कडीत साबणाचं पाणी सोडून बोट सोडवलं, कोय उपसली आणि चाकू ताटलीत ठेवून म्हणाली, "राहू दे. आता रसच काढते."

बाकीचे आंबे विळीवर चिरले. बायकोची विळी घडीची आहे. वापरून झालं की पातं मिटून पाटावर आडवं होतं आणि विळी ओट्याखाली उभी राहते. पातं वाकडं, मिटणारं, टोकाला नारळ खवायला चकती. नीट पाहिलं तर पंथाच्या सगळ्या अटी ती पुरी करते, फक्त खिशात मावत नाही. शिवाय तिथे पातं जागेवर स्थिर आणि वस्तू फिरते. त्यामुळे बोटावर गरगर फिरवायची वेळ येत नाही आणि घर शांत राहतं.

धारेचा प्रश्न राहिला. सरळ पातं सपाट दगडावर घासलं की झालं. आत वळलेल्या पात्याला सपाट दगड लागतच नाही. दगडाच्या कडा टोचतात आणि धारेचं मधलं पोट तसंच बोथट राहतं. त्याला गोल कांडी लागते. पंथीय लोक सिरॅमिकच्या कांड्या मागवतात. मी लाटण्याला पॉलिश पेपर गुंडाळून काम भागवलं. पुढचे काही दिवस पोळ्या चवीनं खाल्ल्या गेल्या नाहीत. मग एका सकाळी सायकलला चाक जोडलेला धारवाला खालून ओरडत गेला. त्याला सर्पेत दिली. ही फ्रान्सची, हिला अमुक अंशांचा कोन हवा, असं मी सांगणार होतो. त्यानं पातं उघडून पाहिलं, "लहान विळा आहे होय" म्हणाला आणि फिरत्या चाकाच्या गोलाईवर पोटाची धार अशी बसवली, की ठिणग्यांची एक सरळ रेघ माझ्या चपलेपर्यंत आली. गोल चाक बाकात आपसूक बसतं. पैसे विळ्याचेच घेतले.

आणि हे सगळं खिशात घालून बाहेर पडायचं म्हणजे कायदा आला. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि घरगुती व शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलेलं आहे. पंथीय हे वाक्य आरतीसारखं म्हणतात, कारण त्यांचे चाकू तीन-चार इंचांचे. पण त्याच वेळी वर्तमानपत्रात आतल्या पानावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खालचा मनाई आदेश छापलेला असतो. सणवार, निवडणूक, मोर्चा, काहीही निमित्त असलं की तो निघतो, आणि त्या कलमात चाकूचं नाव स्पष्ट आहे, इंचांचं नाही. त्यातून भाचा राहतो त्या भागात 'कोयता गँग' हे शब्द रोजच्या बातम्यांतले. नाक्यावर रात्री गाडी थांबवली, हवालदारानं खिशावरची क्लिप पाहिली, तर "साहेब, हा कोयता नाही, हे सुमात्राचं पारंपरिक करंबित आहे" हे वाक्य जगात कुठल्याच भाषेत निर्दोष वाटेल असं म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये कारण न देता बाळगायचा तर पातं मिटणारं, न अडकणारं आणि तीन इंचांच्या आतलं हवं. म्हणजे माझ्या सर्पेतीचं ते कौतुकाचं कडं तिथे गुन्ह्याकडे झुकतं. विमानतळावर तर वाद घालायचीच सोय नाही. स्विस चाकू काढणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सनं २०२४ साली पातंच नसलेल्या खिशातल्या हत्यारावर काम चालू असल्याचं सांगितलं, तेव्हा पंथात सुतक पाळलं गेलं. मला ती बातमी वास्तववादी वाटली.

तरी कुणी विचारलंच, की घ्यायचा तर कुठला, तर माझं मत पक्कं आहे. बाग असेल, कुंड्या असतील, बांधायची-सोडायची कामं असतील तर सर्पेत. पाण्यावर काम असेल तर ताझ्मान. सिव्हिलियन आणि करंबित ज्यांना घ्यायचं असतं ते विचारत नाहीत.

परवा घरी तांदळाची दहा किलोची पिशवी आली. तोंडाला नेहमीसारखी दोऱ्याची शिवण. हे तर वाकड्या पात्याचं हक्काचं काम. भाचा करंबित घेऊन एका बाजूनं आला, मी सर्पेत घेऊन दुसऱ्या बाजूनं. कुणी आधी, यावर आमची थोडी चर्चा झाली. कडं, कडी, धारेचा कोन असे मुद्दे निघाले. तेवढ्यात बायकोनं पिशवी पुढे ओढली, शिवणीचं बरोबर ते टोक चिमटीत धरलं आणि एकदाच खेचलं. सर्रर्र करून अख्खा दोरा हातात आला. तिनं तो भाच्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "नीट गुंडाळून ठेव रे. आणि तुम्ही दोघं ते मिटा आधी, मला तांदूळ ओतायचेत."